तिकिटाच्या मागं

तू निघालीस त्या दिवशी
हिंगोलीच्या स्टँडवर मी तुझी सॅक उचलून बघितली.
बारा किलो तरी असंल.
माझ्या गाडीत असतीस तर लगेज फाडलं असतं,
लेक असो की कलेक्टर.
तू हसलीस. तुझी माय हसली नाही.
ती जवसाची चटणी कोंबत होती बाजूच्या कप्प्यात,
विमानात चालते की नाही, न विचारता.

पहिल्या दिवशी पानटपरीवर कऱ्हाळे मास्तर म्हणले,
प्रणिता दिसंना कुठं?
म्हणलं, व्हिएतनामला. कंपनीचं काम.
म्हणताना सुपारी दाढेत अडकली.

रात्री तुझा फोन. इथं साडेआठ, तुझ्याकडं दहा.
पप्पा, कॉफी तीस हजाराला!
माझा शेवटचा पगार तेवढाच होता गं,
एका पेल्यात महिना संपला असता.
तू लाखाची नोट दाखवलीस, हिरवी.
मी सवयीनं म्हणलं, उजेडाकडं धर.

दुसऱ्या दिवशी तू रस्ता ओलांडायला शिकलीस.
थांबायचं नाही, पळायचं नाही,
एका चालीनं जायचं, गाड्या आपल्या आपण वळतात.
हे ऐकून मायनं फोन माझ्या हातात दिला
आणि भाकरी थापायला गेली.
त्या दिवशी परातीचा आवाज जरा जास्तच होता.

मग बसचा फोटो. झोपायची बस.
चढताना चपला काढायच्या, पिशवीत घालून जवळ ठेवायच्या.
देवळात तरी आपण बाहेर सोडतो.
मी फोटो मोठा करत करत कंडक्टर शोधला.
कोपऱ्यात अर्धा सापडला, पोरगंच, कानावर पेन.
जरा बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी एकच टिक.
सकाळी एक, दुपारीही एकच.
बत्तीस वर्षं पंच वाजवला मी,
एक टिक म्हणजे माणूस गाडीत बसला.
इथं एक टिक म्हणजे काहीच नाही.

घरात बसवंना. स्टँडवर गेलो.
चौकशीच्या खिडकीत कुणी नव्हतं,
असतं तरी काय विचारणार होतो?
जिंतूर गाडी लागली, आणि तो आठवला.

पंच्याण्णव साल. तू पोटात होतीस.
उन्हानं सोललेलं नाक, पाठीवर अशीच सॅक,
औंढा औंढा म्हणायचा, जिभेला चटका बसल्यासारखा.
पन्नासची नोट दिली त्यानं. तिकीट साडेआठ.
सुट्टे नव्हते.
होते. पण पुढं लागले असते.
तिकिटाच्या मागं लिहून दिलं मी, ४१॥,
आणि भोवती गोल केला.
औंढ्याला तो उतरला, खाली उभा राहून हात जोडले.
मी दार ओढलं, डबल बेल दिली.
कागद उलटा करायचा असतो, हे त्याला माहीत नव्हतं.
मला माहीत होतं.

त्याचाही तिसराच दिवस असंल कदाचित.

परत येताना टपरीवर मास्तर होतेच.
म्हणलं, कामाला नाही गेली ती. फिरायला गेलीय.
एकटी?
एकटी.
कशापायी?
चुना लावायला जरा वेळ घेतला मी,
तरी काही सुचलं नाही.

दिवे लागल्यावर फोन थरथरला.
डोंगरात आहे, रेंज नव्हती,
उतरायचं गाव हुकलं, पण बरंय.
माय म्हणली, विचारा, जेवायलीस का.
विचारलं.
मग चष्मा पुसून एकेक अक्षर दाबलं,
उतरायच्या आधी तिकीट उलटं करून बघत जा.

तू विचारलंस, का?

वर दिसत असंल तुला,
पप्पा लिहीत आहेत,
थांबलेत,
लिहीत आहेत.