काकवी कधी गूळ होते

डेटा लॉगर मी बरोबर नेला होता,
तीन थर्मोकपल, आखलेल्या रकान्यांची वही.
वडणग्याच्या पुढं, ओढ्याच्या कडेला
आकाराम चौगल्यांचं गुऱ्हाळ.
चुलवाणात चिपाडं सारणारा जळव्या माझ्या वायरी बघून हसला.
आकाराम हसले नाहीत. काहिलीकडं बघत म्हणाले,
"ताप मोजाय आलीयास व्हय?
हिला ताप न्हाई पोरी. हिला घाई हाय."

माझा प्रश्न लिहायला एक ओळ लागते:
पातळ ते घट्ट होतं, म्हणजे नेमकं काय होतं?
बर्फाचं कळतं. तिथं रेणू रांगेत उभे राहतात,
शाळेच्या प्रार्थनेला, हातभर अंतर सोडून.
काचेचं कळत नाही.
तिथं रांग नाही, हुकूम नाही,
जसे सैरावैरा होते तसेच्या तसे,
फक्त थांबलेले.
संध्याकाळी साडेसहाचा दाभोळकर कॉर्नर:
ज्याला त्याला वाटतं शेजाऱ्यानं जरा सरकावं,
म्हणून कुणीच सरकत नाही.
ह्यावर जगभर माणसं कधीपासून भांडतायत.
हेर्लेकर सर म्हणतात, तू भांडू नकोस. मोज.

हॉस्टेलवर माझ्या खोलीत आणखी दोन प्रश्न राहतात.
रुक्साना रंकाळ्याचं पाणी बाटल्यांत भरून आणते
आणि खिडकीत मांडते, लोणच्यासारखं.
गर्दी झाली, हे एकट्या पेशीला कळतं कसं?
कोण आधी बोलतं,
की सगळं तळं एका आठवड्यात हिरवं व्हावं?
तेजू हुक्कीरेचा प्रश्न अकरा किलोचा आहे.
शिरोलीच्या फौंड्रीनं नाकारलेली पंपाची बॉडी,
आत कुठंतरी एक बुडबुडा.
लोखंड ओतलं तेव्हा तो कुठं होता,
हे तिला तीन वर्षांत सांगायचंय.
तोवर बॉडी दाराला टेकण म्हणून आहे.

एकदा रात्री दोन वाजता आम्हाला वाटलं,
अगं, हा तर एकच प्रश्न!
तेजूनं उठून भिंतीवर समीकरण लिहिलं, खडूनं,
पार कपाटामागं गेलं ते.
सकाळी रुक्सानानं दात घासता घासता वाचलं.
म्हणाली, माझी पेशी ह्यात तिसऱ्या ओळीला मरते.
मग पुसलं.
कपाटामागचं तेवढं राहिलं.

तर काहील.
भेंडीच्या पाण्यानं मळी वर आली, काढली.
एकशे बारा. एकशे पंधरा. एकशे सतरा.
आलेख गुळगुळीत चढत होता,
कुठं पायरी नाही, खड्डा नाही.
आकारामांनी फावड्यावरचा थेंब पाण्यात टाकला,
दोन बोटांत वळला, काठावर मारला.
टण्.
"उतरा!"
आठ माणसं धावली. मी स्क्रीन बघितला:
त्या क्षणी तिथं काहीच झालेलं नव्हतं.

"कसं कळलं तुम्हाला?"
ते टॉवेलनं मान पुसत राहिले. मला वाटलं ऐकलंच नाही.
"कळत न्हाई.
कळायच्या आदी म्हणाय लागतंय.
कळल्यावर म्हटलं की करपल्यालं असतंय."

हे मी पेपरात कुठं लिहू?
परीक्षकांनी लालमध्ये विचारलंय: निकष स्पष्ट करावा.
आलेखावर मी एक उभी रेघ मारलीय,
खाली बारीक अक्षरांत, आकाराम चौगले, दुपारी तीन वाजून चाळीस.
सर म्हणाले, रेघ राहू दे. नाव काढ.
मी अजून काढलेलं नाही.

परतीच्या केएमटीत खडा ओढणीत बांधून आणला.
वर्गात शिकवतात, असा पदार्थ थांबलेला नसतो,
थांबत असतो.
मी गाठीवर हात ठेवून बसले होते, बघू म्हटलं.
गाठ फक्त चिकट झाली.

नमुना क्रमांक चार
रुक्सानानं गुरुवारी चहात टाकला.
वहीत तशी नोंद आहे.