लाईट गेल्यावर

वडगावात लाईट गेली
की आमचं ऑफिस उघडतं.
ऑफिस म्हणजे गल्लीच्या तोंडाला
बंद पडलेल्या गिरणीची पायरी,
एक स्टँपपॅड, गोंदाची बाटली,
आणि कामकर मास्तरांचा चष्मा,
ज्याची एक काडी सुताने बांधलेली.

माग चालू असताना कोण येणार?
त्या खडखडाटात स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही,
आठ वर्षांनंतरच्या फीचं कोण ऐकेल.
पण धोटे थांबले
की कानात एक पोकळी उरते,
आणि त्या पोकळीतून बायका येतात.
केसांत रेशमाचे तुटके तंतू,
पदराखाली प्लास्टिकची पिशवी,
पिशवीत अख्खं घर:
रेशनकार्ड, दाखला, आधार,
कुणाच्या तरी लग्नातला फोटो कापून
केलेला पासपोर्ट साईज.

"काय लिवलालीस गे बाय?"
"तुझं नाव."
"कुठलं?"

प्रश्न खरा आहे.
रेशनकार्डावर कानडीत ती लक्कव्वा,
शाळेच्या दाखल्यावर मराठीत लक्ष्मी,
आधारवर इंग्रजीत काहीतरी तिसरंच,
मास्तरांनी ते मोठ्याने वाचलं तेव्हा
पायरीवर हसू फुटलं, तीही हसली.
मास्तर कानडी वाचतात, मी मराठी.
चौकात पाट्यांवरून दगड पडले
त्या आठवड्यातही
ते सायकल हातात धरून आले होते,
नेहमीसारखे दहा मिनिटं उशिरा.

मी म्हटलं, आधी नावं एक करू,
मग मुलीचं खातं.
नियमाने. शिस्तीत.
नियमाचा मला तेव्हा अभिमान होता.
नोटरी, झेरॉक्स, परत नोटरी,
तीन आठवडे.

टपाल कचेरीतल्या पोराने
कागद खिडकीतून परत सरकवला,
हळूच, जणू त्याचीच चूक.
"दहाच्या आत उघडायचं असतं, मॅडम.
सोमवारी झाली की हिला दहा."
आज शनिवार.

लक्कव्वा रागावली नाही.
रागावली असती तर बरं झालं असतं.
"दहा झाली म्हणून
शिकायची थांबती काय वो?"
एवढंच म्हणाली,
अडीचशे रुपये परत पदरात बांधले
आणि मागावर गेली.

पुढच्यांदा लाईट गेली
ती भिशीच्या दिवशी.
अकराजणी, बिस्किटाचा डबा, अकरा चिठ्ठ्या.
मुमताज बागवान मला म्हणाली, बघून ठेव,
आज सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच नाव हाय,
अंबिका.
सगळ्या नव्हत्या.
शकुंतला बेन्नाळकरने आपलंच लिहिलं होतं,
नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन डोक्यावर,
आणि निघाली नेमकी तीच.
क्षणभर कुणी कुणाकडे पाहिलं नाही.
मग मुमताजने पैसे मोजून
शकुंतलाच्या ओटीत घातले:
"घे की. चिठ्ठी ती चिठ्ठी."
मला वाटलं, संपलं.

संपलं नाही. महिना लांबलं.
महिन्याने अंबिका निघाली,
आणि तिच्या नावाची साधी आरडी झाली.
व्याज कमी, हे मी सांगितलं.
मला सांगावंच लागलं.
मुमताज म्हणाली, व्याजाचं राहू दे,
दर महिन्याला येऊन विचारणार
हप्ता भरला काय म्हणून,
अकरा बायकांचं तोंड
सरकारच्या व्याजापेक्षा जड असतंय.

पासबुक मिळालं त्या दिवशी
लक्कव्वाने ते उलगडून
पहिल्या पानावर बोट फिरवलं,
साडीत चुकलेला धागा शोधतात तसं.
अक्षर तिला येत नाही.
बोट थांबलं.
"हितं कायतरी हाय."
मास्तरांनी चष्मा चढवला.
वेलांटी चुकली होती,
अंबीका.

मी पेन काढलं, सवयीने.
दुरुस्तीचा अर्ज कुठल्या फायलीत,
तेही आठवलं.
मग पेन मिटलं.
"आधी पुढचा हप्ता भर," म्हटलं,
"वेलांटी नंतर बघू."

लाईट आली.
तिने पासबुक पदरात कोंबलं,
जाता जाता काहीतरी बोलली,
कानडीत की मराठीत,
मागांच्या आवाजात
ते मला कळलं नाही.