सोळा अंश

सावद्याला, केळी पिकवायच्या खोलीत
पंखा रात्रभर एकच सूर धरून असतो.
यज्ञेश भारंबे तिथे रातपाळीला.
काम एवढंच : दर तासाला काटा बघायचा, वहीत लिहायचं.
सोळा. सोळा. सोळा. साडेसोळा. सोळा.
वहीच्या मागच्या पानांवर त्याने गाणं केलं.

गाणं म्हणजे, शब्द नाहीत.
खाली तो पंखा.
वर पाच सुरांची एक ओळ,
जिना चढणारी, आणि शेवटच्या पायरीवर
चप्पल काढून बसून राहणारी.
मग ठोका.

हे मी सांगतोय, कारण वाजवलं मी.
माझी गाडी : आठ बेस, चार टॉप, मागे जनरेटर,
पुढे काचेवर अम्मीचं नाव.
पहिल्यांदा लावलं निंभोऱ्याच्या वरातीत, तेही चुकून;
पेन ड्राइव्हमध्ये पुढचं तेच होतं.
नवरदेवाचा घोडा आधी थांबला.
मग पोरं म्हणाली, भो, हे काय व्हय? परत लाव.
अकरा वेळा लावलं. डिझेल संपलं.

पुढच्या महिन्यात ते माझं राहिलं नाही.
रावेरच्या जिममध्ये, चोपड्याच्या रसवंतीत,
एरंडोलच्या विसर्जनात गुलालाखाली.
भुसावळच्या यार्डात एक शंटर ते शिट्टीवर वाजवायचा.
गॅदरिंगला चौथीच्या पोरी त्यावर ढग झाल्या.
एका उमेदवाराने त्यात आपलं नाव आणि चिन्ह कोंबलं,
पडला.

आणि सोळा अंश म्हणजे काय, यावर पैजा.
कोणी म्हणे, पोरीचं वय.
कोणी म्हणे, गणितात कमी पडलेले मार्क.
मे महिना, जळगावात पंचेचाळीसचा पारा,
पानटपरीवाला ठाम होता :
एसीच्या कंपनीची जाहिरात आहे, बघा तुम्ही.
यज्ञेशला कोणी विचारलं नाही.
तो टपरीवरच उभा होता, सुट्टे मोजत.

आता एक कबुली.
त्या गाण्याच्या मधोमध
ठोका निघून जातो. पाऊण मिनिट.
फक्त पंखा, आणि वर ती ओळ,
जणू घरात कोणी नसताना म्हटलेली.
तेवढ्यात वरातीत ओरडा व्हायचा : बंद पडलं का रे?
म्हणून मी ते कापलं.
माझं बघून सगळ्या गाड्यांनी कापलं.
खानदेशभर जे नाचलं गेलं
ते मधलं नसलेलं गाणं.

फैजपूरला, झोप्यांच्या घरच्या हळदीला, तो आला.
पाहुणा म्हणून. इस्त्रीचा शर्ट.
जनरेटरजवळ उभा राहिला, जिथे कोणी उभं राहत नाही.
कापलेल्या जागी गाणं उडी मारून पुढे गेलं
तेव्हा त्याने फक्त पापणी मिटली,
पायाखालची पायरी चुकावी तशी.
बोलला काहीच नाही.
बोलला असता तर बरं झालं असतं.

मी जुनी फाइल शोधली. पुरी लावली.

ठोका गेला.
वर गेलेले हात वरच राहिले, मग खाजवू लागले.
दोन पोरं पाणी प्यायला गेली.
नवरीचा मामा माझ्याकडे बघून हात हलवू लागला,
मी वायर तपासतोय असं दाखवलं.
पाऊण मिनिट केवढं मोठं असतं,
ते गाडीवर उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही.
मग ठोका आला, सगळे परत आले,
धूळ परत उडाली.
यज्ञेश म्हणाला, बरं वाजलं.
आणि जेवायला गेला. भरीत संपत आलं होतं.

आता नवीन सीझन, नवीन गाणं.
त्यात कुत्रा भुंकतो, पब्लिकला आवडतं.
सोळा अंश कोणी मागत नाही.

फक्त त्या रात्री, मी वायरी गुंडाळत होतो तेव्हा,
इंदूमावशी आल्या होत्या, कोपरापर्यंत हळद,
बोटं न लावता मोबाइल तळहातांत धरलेला :
बाबा, ते मधात जे वाजलं ना, काहीच नव्हतं ते,
तेवढंच दे मले.
मी म्हटलं, तेवढंच कसं देऊ मावशी?
म्हणाल्या, तुम्ही ते कापता ना,
मंग कापलेलं कुठी ठेवता?