बुधवारचा कप्पा

आउलिक्कीच्या डबीला सात झाकणं.
प्रत्येकावर फिनिशमधल्या वाराची दोन अक्षरं:
मा, ती, के, तो, पे, ला, सु.
मी दर गुरुवारी ती भरायला येते
आणि माझा कान दर गुरुवारी मराठीच ऐकतो.
मंगळवारी ती. गुरुवारी तो.
मधे हा बुधवार, के,
ज्याचा मला काही अर्थ लागत नाही
आणि जो आज उघडला तर भरलेलाच.

"विसरलात?"
"विसरले नाही. ठेवली."

रात्रीचे नऊ. केमियार्वीचा जून.
सूर्य तळ्याच्या कडेकडेने चालतोय,
घरी जायचं नाव नाही.
जाड पडदा मी ओढते, ती उघडते.

असाच एक जून होता, नऊ वर्षांमागे.
चार रात्रींत, रात्री म्हणायच्या म्हणून,
तिने सौनाच्या भिंती होडीच्या रंगाने पिवळ्या केल्या,
बटाट्याचा वाफा उपटला, बटाटे धरायच्या आत,
आणि तीन होड्या विकत घेतल्या:
एक स्वतःला, एक वेइक्कोला,
एक जो कोणी येईल त्याला.
पाचव्या दिवशी वेइक्कोने तिला
छातीभर पाण्यातून परत आणलं.
पुढचा हिवाळा तिने भिंतीकडे तोंड करून काढला.
त्याविषयी ती बोलत नाही.
होड्यांविषयी बोलते.

गोळी पांढरी, मिठाच्या जातीची.
घसा कोरडा पाडते. कपाखालची बशी वाजवते.
मागाच्या फणीत धागा ओवता येईना
तेव्हा तिने माग भाचीला देऊन टाकला,
गालिचा अर्धा राहिला होता, त्याच्यासकट.
"तुम्ही हाताची थरथर मोजता," ती म्हणते,
"रक्तातलं मीठ मोजता.
तो पिवळा कोण मोजणार?
डबा तोच आहे. ब्रश तोच आहे.
मी झाकण उघडून पाहिलं परवा.
नुसता रंग होता."

माझ्या फोनवर दोन चौकोन:
घेतली. नाही घेतली.
मला समजावायचं असतं ते सगळं पाठ आहे,
मूत्रपिंडं, आकडे, पाणी किती प्यायचं.
पण पाचवा दिवस तिला
माझ्याहून जास्त माहीत आहे.

पलीकडच्या खोलीत रेडिओ बंद झाला.
वेइक्को रेडिओ ऐकण्यासाठी लावतो
आणि ऐकण्यासाठीच बंद करतो.
तो येतो, टेबलावर ताकाचा पेला ठेवतो,
माझ्याकडे बघत नाही, तिच्याकडे बघत नाही,
अंगणात जातो.
तिथे उरलेली एक होडी पालथी पडली आहे,
बाकी दोन कधीच विकल्या.
तो वाकून तिच्या काठाखाली हात घालतो.
एकट्याने उलटणारी होडी नाही ती.

आउलिक्की खिडकीतून बघते.
"पाठ जाईल त्याची," म्हणते.
मग पुन्हा, जरा चिडून, "पाठ जाईल मूर्खाची."
आणि बुधवारचं झाकण उघडते.

"कालची नको," मी म्हणते. "फक्त आजची."

ती बोट एक घर पुढे सरकवते.
तो.
गोळी, ताक, पांढरी मिशी.
दाराशी बूट शोधताना
नाडी दोनदा सुटते तिच्या हातून,
तिसऱ्यांदा ती नाडी बूटात कोंबून निघते.

कालची गोळी मी पाकिटात घालते,
चौकोन दोन्ही कोरे ठेवते,
शेऱ्यात लिहिते: ठेवली.

अंगणात दोघं भांडताहेत,
कोणती बाजू आधी उचलायची.