एकशे साठ ग्रॅम

ऑगस्ट संपता संपता
स्वीनॉय बेटाच्या उत्तरेला
ही पिल्लं कड्यावरून निघतात.
उडत नाहीत, पडतात,
आणि पाण्यावर बसून राहतात बावळटासारखी,
आईबापांनी भरवून भरवून
त्यांच्याहूनही जड केलेली.

आम्ही फेरो लोक या पक्ष्याला समुद्राचा घोडा म्हणतो.
घोडा कसला, हॅनुस म्हणतो,
आत्ता तर पिठाचं पोतं.
आणि लांब दांड्याच्या जाळ्यात
एकेकाला अलगद उचलून घेतो.
त्याला हिवाळ्यासाठी खारवायचीत,
मला त्याआधी फक्त दहा मिनिटं हवीत.

पिल्लू माझ्या बाहीवर ओकतं
नारिंगी तेल. वास तीन धुण्यांत जात नाही.
मी त्याचा पंख आलेखाच्या कागदावर पसरते,
कडेने पेन्सिल फिरवते,
शाळेत स्वतःच्या पंजाभोवती फिरवायचे तशी,
मग चौकोन मोजते.
अर्धे धरायचे की सोडायचे
यावर माझा नि माझ्या प्राध्यापकांचा जुना वाद आहे.

बाकी गणित सोपं:
जेवढं वजन, तेवढं हवेने वर रेटायला हवं.
हवा पाहते वेगाचा वर्ग.
दुप्पट धावलास तर चौपट उचलीन,
असा तिचा रोखठोक व्यवहार.
पण पाण्यावर पाय धावून धावून किती धावणार?
हे पिल्लू नऊशे साठ ग्रॅम.
या पंखांना, आजच्या वाऱ्यात, आठशे झेपतील.
उरलेले एकशे साठ
उपासाशिवाय कुणी काढून घेऊ शकत नाही.

"दिवसाला किती उतरतं?"
चाळीसेक.
"म्हणजे चार दिवस पोटाला चिमटा, की फुटले पंख."
पंख आहेतच, मी म्हणते.
त्यांना तो पेलत नाही अजून.

हॅनुस बराच वेळ इंजिनाकडे बघतो.
"मर्युन कोपनहेगनला निघाली तेव्हा
मी तिच्या बॅगेत वाळवलेलं मटण भरलं, अख्खी तंगडी.
तीन स्वेटर. बटाटेसुद्धा, रान्वा, बटाटे!
विमानतळावर जादा वजनाचे पैसे मीच भरले."
मग?
"मग काय. पहिलं वर्ष जड गेलं म्हणे तिला."
पुढे तो बोलला नाही, मीही विचारलं नाही.
जाळ्यातून पाणी ठिबकत होतं.

दुपारनंतर वारा वायव्येला फिरला.
शेवटचं पिल्लू त्याने काट्यावर ठेवलंच नाही,
दोन्ही तळव्यांवर तोललं,
आणि माझ्याकडे न देता
होडीच्या पलीकडच्या अंगाने पाण्यावर सोडलं.

ते पळालं. चपचप चपचप,
लाटेच्या पाठीवर चढलं, घसरलं,
पुन्हा पळालं वाऱ्याच्या तोंडावर,
आणि पाय हवेत तसेच मारत राहिलं
पाणी संपल्यावरही,
वीतभर वर,
वारा प्यालेलं शिंगरू.

वजन? मी विचारलं, पेन्सिल हातात.
"आठशेच्या आत," तो म्हणाला. "लिही."
मी लिहिलं.
पंखाचा कागद कोराच राहिला,
सगळे चौकोन मोकळे.