पहिला तास, सिंदेवाही

आधी धानाचं कोठार होतं हे.
अजून कोपऱ्यात कोंड्याचा वास येतो,
कीबोर्ड उलटा केला तर एखादं तूस पडतं.
सहा कॉम्प्युटर, त्यातले चार चालणारे.
माझा पगार चार हजार, आला तर.

फळ्यावर लिहिलं : सॉफ्टवेअरचे प्रकार.
हात लागतो ते हार्डवेअर, लागत नाही ते सॉफ्टवेअर,
पाठ केलेलं सांगून टाकलं.
समोर अकरा पोरं, एक पोलीस पाटलीण
आणि मागच्या बाकावर डोमाजी गहाणे,
टोपी मांडीवर, वहीला घरचं कव्हर.
भाऊबीजेच्या मंडईपासून शिमग्यापर्यंत
गावोगावच्या नाटकांत पडद्याआड बसून
रात्रभर दुसऱ्यांच्या तोंडात शब्द घालतात.

"सिस्टीम सॉफ्टवेअर समोर येत नाही," मी म्हणाले.
"मशीन जागं झालं की आधी तेच उठतं.
कुणाला किती जागा, कुणाची पाळी कधी,
कळ दाबली तर अक्षर कुणाच्या दारात टाकायचं,
सगळं त्याच्याकडे. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात.
नीट चाललं तर कुणी नाव घेत नाही."

डोमाजींनी मान वर केली.
"मंजे मीच की जी."

वर्ग हसला. मीही हसले,
पण पुस्तकातली ओळ मग पुढे सरकेना.

"अन् ॲप्लिकेशन मंजे नट," पाटलीणबाईंनी सूत्र हाती घेतलं,
"कोणी पत्र लिहिते, कोणी हिशोब करते,
एकाचा पार्ट दुसऱ्याले येत नाई.
अन् स्टेजच नसला तं सारे घरी."
मी खडू खाली ठेवला.

प्रिंटर हूं की चूं करेना.
"ड्रायव्हर नाही त्याचा."
"मॅडम, बसस्टँडवर पाहून येऊ का?" टिकेश.
दवाखान्यात माडिया बोलणारी म्हातारी येते,
डॉक्टर नागपूरचा, आणि दोघांच्या मधे
नर्स उभी असते ना, ती ड्रायव्हर.
ती रजेवर असली की दुखणं तसंच राहतं.
हे मात्र पोरांना लगेच कळलं.

डोमाजी का आले होते, ते तिसऱ्या आठवड्यात समजलं.
एका नाटकाची वही, हाताने लिहिलेली, एकुलती,
लिहिणारा नाही राहिला, आणि वहीला उधई लागली.
अर्धी पानं चाळणी.
तीन दिवस ते एका बोटाने टाईप करत होते,
उकार शोधायला चष्मा पुसत.
चौथ्या दिवशी पहिला अंक संपत आला
आणि लाईट गेली.

"सेव्ह केलं होतं?"
"ते कधी शिकवलं जी तुमी?"
खरंच. तो धडा सोमवारी होता.

काळ्या पडद्यांसमोर उभी राहून मी
रॅमबद्दल सांगू लागले. वीज आहे तोवरची आठवण,
ओंजळीतलं पाणी,
डिस्कवर उतरवलं नाही तर
माझ्याच कानाला ते निर्दय वाटलं,
वाक्य अर्ध्यात सोडलं.

तेव्हा दिसलं, डोमाजींचे ओठ हलत होते.
आवाज नव्हता. रोजच्या सवयीचा
समोरच्या नटालाच ऐकू जाईल एवढाच श्वास.
राजाचं बोलणं, दासीचं,
मधे विनोदी पार्टवाल्याची शिंक,
प्रेक्षक हसतील म्हणून सोडलेली जागासुद्धा.
उधईला न सापडलेला अख्खा अंक
कोठाराच्या अंधारात ओळीने चालला होता
आणि आम्ही बाकीचे पंख्याखाली घामाघूम, गप्प.

पाऊण तासाने लाईट आली.
निळा उजेड, मग ती मुकी सिस्टीम
नेहमीसारखी आधी उठली,
आपलं नाव क्षणभर दाखवून मागे सरकली.

"पाठवा तुमच्या नटाले," डोमाजी म्हणाले.
कोरं पान उघडलं.
पहिली ओळ : रंगमंच रिकामा.
मग माझ्याकडे न बघता विचारलं,
"ते उतरवाची कळ कोणची?"
मी दोन कळा दाखवल्या.

त्या दिवसापासून दर ओळीनंतर दाबतात.
टिकेश म्हणतो, एवढी गरज नसते बाबाजी.
ते म्हणतात, तुले काय माईत,
नट कवा विसरन.