ब्रह्मपुरीचा चढ

बदलीच्या हुकुमात लिहिलं नव्हतं
की या गावाला समुद्र नाही.
मी वेंगुर्ल्याची, तांडेलाची लेक,
हातात टेप, काखेत फायली,
पूररेषा मोजत हिंडते
नदीकडून वर, ब्रह्मपुरीच्या टेकडीला.

टेकडी आहे हे नवख्याला कळत नाही.
पिठाची गिरणी, दोन वळणं, सायकलचं दुकान,
दम लागला की समजायचं, चढतोय आपण.

भिंतींवर ऑइलपेंटच्या रेघा.
एकोणीसची निळी, एकवीसची लाल,
आणि पाचची, पुसट,
जिच्यावर कुणीतरी चपलांचं स्टँड ठोकलंय.

शालन सावेकर म्हशीला वैरण टाकून येतात,
टेपचं दुसरं टोक धरतात.
"मी दावतो की. मी हुतो हितंच."
बायकांचं हे 'मी हुतो'
पहिल्या आठवड्यात हसवायचं मला.
"पाया खणला तवा निस्ती खापरं.
काळी, तांबडी. पोरांनी लगोरीत संपवली."

याच टेकडीच्या पोटात निघाला होता
परमुलखाचा समुद्रदेव.
रविवारी टाउन हॉलात पाहून आले:
वीतभर, काचेमागे,
उचललेल्या हातात आता काही नाही.
सुकाणू विकल्यावर बाबा असेच उभे राहायचे
ओसरीत.
कुणी आणला असेल घाट चढून, बैलाच्या पाठीवर,
मिठाच्या गोणीत खुपसून?
विकायला, की सोबतीला?

"समुद्राचा देव, आन् हितलं पाणी आडवंना?"
"मावशी, समुद्र सहा तासांत आपणच मागं जातो.
त्याला नदीची सवय नसेल."
"हां. ही बया नऊ दिवस बसली उंबऱ्यात.
उठ म्हटलं तरी उठंना."

पाच फूट सात इंच.
माझ्या डोक्यावर चार बोटं.
"लिव्ह," त्या म्हणाल्या, आणि तांब्याभर दूध दिलं,
अजून कोमट.

गोठ्यामागं एक खापर सापडलं,
पोटावर नखानं ओढल्यासारखी नागमोड.
कुणी बघत नाही पाहून जिभेला लावलं.
खारट नव्हतं. जीभ मात्र चिकटली त्याला,
सोडवावी लागली.

फायलीत त्यासाठी रकाना नाही.
परत गोठ्यामागंच ठेवलं, नागमोड वर करून.

उतरताना तोंडून निघून गेलं,
"येतो मावशी."
म्हैस रवंथ करत होती.
शालन म्हणाल्या, "ये."